कोचीत दोन दिवस, दोघांनीच

सुट्टीवर आलेल्या माणसाचा महिना कसा संपतो ते चिपळूण, दापोली, महाड, श्रीवर्धनच्या कुठल्याही मोहल्ल्यात विचारा. कुवेत-कतारहून आलेल्या नवऱ्याचा पहिला आठवडा नातेवाइकांना भेटण्यात जातो. दुसऱ्यात कुणाचा तरी निकाह असतो. तिसरा बँक, तलाठी ऑफिस आणि गळक्या छपराच्या कामात सरतो आणि चौथ्यात बॅगा भरायला काढतात. बायको हा सगळा वेळ स्वयंपाकघरात असते, कारण भेटायला आलेल्याला चहा-खाणं केल्याशिवाय पाठवायचं नसतं. दोघांना एकमेकांशी बोलायला मिळतं ते रात्री सगळी निजल्यावर, आणि तेव्हा दोघंही दमलेली असतात.

माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. त्या महिन्यातले दोन दिवस बाजूला काढा आणि दोघंच कुठेतरी जा. सुट्टीच्या शेवटी ठेवू नका, दुसऱ्या आठवड्यातच उरका, कारण शेवटी नवऱ्याचं चित्त आधीच नोकरीवर पोचलेलं असतं. आणि हे फक्त आखातवाल्यांसाठी नाही. मुंब्र्यात, मीरा रोडला, कोंढव्यात दोन खोल्यांत सहा-सात माणसांबरोबर राहणाऱ्या, लग्नाला पाच वर्षं झाली तरी एकदाही दोघंच बाहेर न गेलेल्या जोडप्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

जाणं का राहून जातं तेही ठाऊक आहे. पैसा हे एक कारण. पण पैसा असला तरी तीन प्रश्न आडवे येतात: जेवण हलाल मिळेल का, नमाज कुठे पढायची, आणि हिजाबातल्या बायकोकडे लोक रोखून बघत राहिले तर तिला मोकळं वाटेल का. मग आठ जणांची गाडी करून जियारतीला जाणं होतं. ते चांगलंच, पण ती कुटुंबाची सहल झाली. दोघांचं बोलणं राहतं ते राहतंच.

म्हणून मी कोची सुचवते. कोची म्हणजे एर्नाकुलमचे मॉल आणि उड्डाणपूल नव्हेत. पाण्यापलीकडचं फोर्ट कोची आणि त्याला लागून असलेलं मट्टनचेरी, एवढंच. पायी हिंडता येण्याजोगं गाव आहे. मिऱ्यांच्या व्यापारासाठी अरब, चिनी, पोर्तुगीज, डच, इंग्रज सगळे या किनाऱ्यावर आले, आणि प्रत्येकाने काहीतरी मागे ठेवलं. हिजाबातली बाई तिथल्या रस्त्यावर नेहमीचीच आहे. शाळेत शिकवणारी, बँकेत बसणारी, स्कूटर चालवणारी. कुणी वळून बघत नाही.

या किनाऱ्यावर इस्लाम तलवारीच्या नव्हे, जहाजाच्या वाटेने आला. कोचीच्या उत्तरेला कोडुंगल्लूरला चेरामन जुमा मशीद आहे. ती इसवी सन ६२९ मधली, भारतातली पहिली, असं तिथली परंपरा सांगते. इतिहासकारांमध्ये तारखेवरून वाद आहेत, पण अरब व्यापाऱ्यांची ये-जा त्याच्याही आधीची होती यात शंका नाही. मट्टनचेरीत कोचंगाडीला चेंबिट्ट पळ्ळी ही जुनी मशीद आहे. तिला घुमट नाही. उतरतं छप्पर, कोरीव लाकूड, बाहेरून बघितलं तर केरळातला एखादा जुना वाडाच वाटावा. वेळ काढून बघा.

आपल्या लोकांसाठी आणखी एक सोय आहे, आणि ती कुठल्याही पर्यटनाच्या पत्रकात छापलेली नसते. केरळातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत आणि आपले कोकणी मुसलमानही शाफईच. त्यामुळे रत्नागिरी-रायगडच्या माणसाला असरची अजान आपल्या ओळखीच्या वेळेला ऐकू येते आणि कोळंबीच्या ताटापुढे मन अडखळत नाही. मराठवाड्यातल्या, पुण्या-सोलापुरातल्या हनफी वाचकांनी मात्र लक्षात ठेवावं की तिथली असर तुमच्या वेळेच्या बऱ्यापैकी आधी होईल. तुमची वेळ मोबाइलवर लावून निघा. कोळंबीबद्दल हनफींमध्ये मतभेद आहेत आणि खेकड्याबद्दल शाफईंमध्ये आहेत. निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारून घेतलं की ताटावर बसून वाद होत नाही. प्रवासातल्या नमाजचंही तसंच. शाफईंना दोन नमाजा एकत्र करायची सवलत आहे, हनफींना तशी नाही. नवरा एका पद्धतीचा आणि बायको दुसऱ्या पद्धतीत वाढलेली असेल तर हे आधी बोलून ठेवा.

कधी जायचं? डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. जूनमध्ये आपल्यासारखाच पाऊस सुरू होतो, आणि केरळला ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊसही दुपारनंतर विजांसकट झोडपतो. एप्रिल-मे दमट, घामाने जीव नकोसा करणारा. पण सुट्टी मे महिन्यातच मिळाली असेल तर जाऊच नका असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत जवळच्या कुंबळंगी गावात रात्री खाजणातलं पाणी ढवळलं की निळं चमकतं. तिथे त्याला ‘कवरु’ म्हणतात. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचा तो उजेड असतो आणि उन्हाळ्यात पाण्यातला खारटपणा वाढला की दिसतो. स्थानिक माणसाला बरोबर घेऊन, अंधाऱ्या रात्री जा. एवढ्यासाठी घाम सोसायला हरकत नाही.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. ३१ डिसेंबरच्या रात्री फोर्ट कोचीत पाप्पांजी नावाच्या म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा जाळतात, त्यासाठी लाखभर माणूस उसळतो, खोल्यांचे भाव चढतात आणि रस्त्यांवरून चालणं मुश्किल होतं. ज्या वर्षी कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन असतं त्या वर्षी डिसेंबरपासून मार्चपर्यंत गर्दी राहते. २०१२ साली ते सुरू करणाऱ्या दोघा चित्रकारांपैकी बोस कृष्णम्माचारी आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. चित्रांची आवड असेल तर मुद्दाम तेव्हाच जा, पण खोली दोन महिने आधी घ्या. रमजानमध्ये मट्टनचेरीतली बरीच हॉटेलं दिवसा बंद असतात आणि इफ्तारनंतर गल्ल्या जाग्या होतात. रोजे ठेवून दोघांना शांतपणे राहायचं असेल तर तोही काळ वाईट नाही, मात्र पायपीट कमी ठेवा.

वारही बघून घ्या. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. ज्यूंचं सिनेगॉग शनिवारी बंद असतं. म्हणजे शनिवारी राजवाडा आणि रविवारी सिनेगॉग, हे आधीच पक्कं करून टाका. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जोडपी शनिवारी दुपारी ज्यू टाउनमधल्या सिनेगॉगच्या बंद दारासमोर उभी असतात, आणि मग उन्हात एकमेकांवर चिडतात.

मुंबईहून विमान दोन तासांत कोचीच्या नेडुम्बास्सेरी विमानतळावर उतरवतं. शुक्रवारी रात्री पोचा आणि रविवारी रात्री परता. विमानतळापासून फोर्ट कोची चाळीसेक किलोमीटर आहे, रात्री टॅक्सीच बरी. वेळ असेल तर कोकण रेल्वेने जा. नेत्रावती आणि मंगला लक्षद्वीप या दोन्ही गाड्या पनवेल, रत्नागिरीवरून एर्नाकुलमला जातात. पण मुंबईहून जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र लागते, दोन दिवसांच्या सुट्टीत ते बसत नाही. ज्यांना चार दिवस आहेत त्यांनी एक बाजू रेल्वेने करावी. आखातात परत जाणाऱ्यांना आणखी एक मार्ग आहे. कोचीहून दुबई, दोहा, कुवेतला थेट विमानं आहेत. बायको तिथून घरी परतणार असेल, किंवा तीही बरोबर जाणार असेल, तर तिकिटांचे दर बघून ठेवा.

आता खोली. फोर्ट कोचीत मोठ्या हॉटेलांपेक्षा घरगुती होमस्टे जास्त आहेत, जुन्या घरांतल्या उंच छताच्या दोन-चार खोल्या, बाहेर अंगण. त्यांतले बरेच ख्रिस्ती कुटुंबांचे आहेत, माणसं अगत्यशील आहेत. फोन करून स्पष्ट विचारा, संकोच करू नका. नाश्ता कोण बनवतं, त्यात सॉसेज-बेकन त्याच तव्यावर होतं का, पहाटे साडेपाचला बाहेर पडायचं असेल तर फाटक कोण उघडेल, बाथरूममध्ये जेट स्प्रे किंवा तांब्या आहे का, वुजूला पाय धुता येतील असा नळ आहे का. यातल्या कुठल्याही प्रश्नाला केरळातला घरमालक दचकत नाही. त्याच्या शेजाऱ्यांतले कितीतरी जण हेच प्रश्न विचारणारे असतात. गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.

किबल्याचं सांगून ठेवते, कारण तिथे गेल्यावर सवयीने चूक होते. मुंबईत आपण पश्चिमेकडे तोंड करून उजवीकडे थोडंसं, दहा अंशांच्या आसपास वळतो. कोची बरीच दक्षिणेला असल्यामुळे तिथे पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे बावीस अंश वळावं लागतं. पहिल्याच रात्री मोबाइलवर दिशा बघून जानमाज कुठे घालायची ते ठरवून टाका. पलंग आड येत असेल तर तो हलवायला सांगा.

आणि कागद. लग्नानंतर तिचं आडनाव आणि आधारवरचा पत्ता बदललेला नसेल तर रिसेप्शनवर उगाच चौकशी होऊ शकते. निकाहनाम्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. दाखवावा लागेलच असं नाही, पण काउंटरवर उभं राहून तिने कुणाला स्पष्टीकरणं देत बसावं हे बरं नव्हे.

दिवस कसा घालवायचा याबद्दल माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. फिरायला गेल्यावर नमाज ‘मध्ये येते’, कार्यक्रम मोडतो, असं पुष्कळांना वाटतं. कोचीसारख्या उष्ण, दमट गावात उलटं आहे. ते गाव स्वतःच नमाजच्या वेळांवर चालतं असं म्हणा ना. पहाटे थंड असतं, जाग असते, मासळी येते. दुपारी ऊन डोक्यावर आलं की सिनेगॉगही एक ते तीन बंद होतं आणि शहाणा माणूस घरात शिरतो. असरनंतर वारा सुटतो आणि सगळे पुन्हा बाहेर पडतात. तुम्ही फजर, जोहर, असर, मगरिब, इशा या पाच खुंट्यांवर दिवस टांगलात की आपोआप तिथल्या हवेला मानवेल असा कार्यक्रम तयार होतो. घड्याळ घेऊन दहा ठिकाणं बघणाऱ्यांचे हाल उन्हात होतात, तुमचे होणार नाहीत.

तर शनिवार. हिवाळ्यात तिथे फजर साडेपाचच्या सुमारास सुरू होते. दोघांनी खोलीतच एकत्र पढा. घरी हे किती वेळा जमतं ते तुम्हीच आठवून बघा. उजाडायला लागलं की चिनी जाळ्यांकडे चाला. संध्याकाळी तिथे जत्रा असते, पहाटे फक्त कोळी असतात. सागाची आणि बांबूची ती अवाढव्य चौकट, एका टोकाला पसरलेलं जाळं आणि दुसऱ्या टोकाला दोरांवर थोड्या-थोड्या अंतरावर बांधलेले दगड. एकजण मधल्या वाशावरून चालत पुढे जातो, त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटं कुणी काही करत नाही. मग चार-पाच जण दोर ओढायला लागतात, दगड एकामागून एक खाली येत टेकतात आणि जाळं पाणी गाळत वर उठतं. आत ओंजळभर चांदीसारखी मासळी, एखादं माकुल, आणि हो, प्लॅस्टिकच्या पिशव्याही. ते तुम्हालाही दोर धरायला बोलावतील. धरा. नंतर पैसे मागतील, तेही द्या. मासळी कमी झाली आहे आणि जाळ्याच्या लाकडाची दुरुस्ती त्यांना परवडत नाही. बायकोला लांब उभं करून फोटो काढत बसू नका, तिच्याही हातात दोर द्या.

नाश्ता करून दहाच्या सुमारास रिक्षाने मट्टनचेरी. रिक्षाचं भाडं आधी ठरवा, आणि चालकाने मसाल्याच्या दुकानात ‘फक्त पाच मिनिटं’ न्यायची गोष्ट काढली तर नाही म्हणा. तिथे त्याला कमिशन असतं आणि तुमचा तास जातो. राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधून कोचीच्या राजाला दिला, पुढे डचांनी दुरुस्त केला, म्हणून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. भपका काही नाही, पण आतल्या भिंतींवरची रामायणाची चित्रं जवळून, सावकाश बघण्यासारखी आहेत. बाहेर पडल्यावर मसाल्याच्या जुन्या बाजारातून चाला. सुंठ, मिरी, वेलदोड्याचा वास आजही तिथल्या गोदामांतून येतो. चेरलाईच्या बाजूला गेलात तर कानावर कोकणी पडेल. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेली सारस्वत आणि कुडुंबी कुटुंबं इथे स्थिरावली, आणि इतक्या पिढ्यांनंतरही घरात कोकणी बोलतात. याच मोहल्ल्यांत कच्छी मेमन आहेत, दख्खनी उर्दू बोलणारे आहेत, गुजराती, जैन आहेत. सिंधुदुर्गच्या माणसाने तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याशी चार शब्द बोलून बघावेत, तो हातचं काम सोडून बोलत बसेल.

एक वाजायच्या आत जेवून घ्या. मट्टनचेरीत न्यू रोडवर कायीज रहमतुल्ला नावाचं जुनं हॉटेल आहे. मटण बिर्याणी तिथली. बासमती नसते, कैमा नावाचा आखूड, सुवासिक तांदूळ असतो. मसाला तिखटजाळ नाही, मटण हाड सोडतं आणि बरोबर खजुराचं आंबटगोड लोणचं. उशीर केला तर संपलेली असते. बसायला ऐसपैस जागा नाही, दुसऱ्या कुटुंबाबरोबर एका टेबलावर बसावं लागेल. मेणबत्त्या लावलेल्या महागड्या हॉटेलात हलालची खात्री नसताना काटा-चमचा फिरवत बसण्यापेक्षा हे जेवण मी कधीही पसंत करीन. वर सुलेमानी चहा, बिनदुधाचा, लिंबू पिळलेला. मग खोलीवर जा, जोहर पढा आणि झोपा. दुपारची झोप मिळणं हीच कितीतरी बायकांसाठी सुट्टी असते. तिला उठवू नका.

असरनंतर फोर्ट कोचीत पायी. परेड ग्राउंडच्या भोवतीचे पर्जन्यवृक्ष इतके विस्तारलेले आहेत की रस्त्यावर छत झालंय. तिथेच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. पोर्तुगीजांनी १५०३ साली उभारलेल्या लाकडी चर्चच्या जागेवरचं. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला आणि इथेच त्याला पुरलं. पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. ज्याच्या मागोमाग आलेल्या तोफांनी या किनाऱ्यावरच्या मुसलमान व्यापाऱ्यांचा समुद्र हिसकावला, त्याच्या रिकाम्या थडग्याजवळ दोन मिनिटं उभं राहण्यासारखं आहे. प्रिन्सेस स्ट्रीट, रोझ स्ट्रीटवरून रमतगमत किनाऱ्याकडे जा. सूर्य समुद्रात बुडतो. मगरिब जवळ कुठे पढायची ते दुपारीच ठरवलेलं असू द्या.

इथे बायकांसाठी एक गोष्ट. केरळातल्या पुष्कळ पारंपरिक सुन्नी मशिदींत बायकांना नमाजसाठी जागा नसते, तर मुजाहिद, म्हणजे तिथल्या सलफी, आणि जमाते-इस्लामीवाल्यांच्या मशिदींत असते. नवरा आत आणि बायको रस्त्याच्या कडेला चपला सांभाळत उभी, असं करू नका. जागा नसेल तर दोघंही खोलीवर या. खोली किनाऱ्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर घ्या, असं म्हणूनच सांगते.

जेवणाबद्दल आणखी काही सांगायला हवं, कारण खरी फसगत इथेच होते. मुसलमान मोहल्ल्यातल्या हॉटेलांत प्रश्न नाही. पण फोर्ट कोचीच्या पर्यटकांच्या हॉटेलांत डुक्कर आणि मासळी एकाच कढईत तळली जाऊ शकते. मटण हलाल असलं तरी कढईचं विचारा. आप्पम हा तिथला मऊ, जाळीदार, पांढरा पदार्थ सगळ्यांना निरुपद्रवी वाटतो. जुन्या पद्धतीत त्याचं पीठ माडी घालून फुगवतात, आजही काही घरांत आणि हॉटेलांत घालतात, बाकी ठिकाणी यीस्ट असतं. ‘माडी की यीस्ट’ एवढंच विचारा, तिथे माडीला कळ्ळ म्हणतात. डिसेंबरमधल्या प्लम केकची फळं अनेकदा रममध्ये भिजवलेली असतात. बिनदारूचा केकही मिळतो, सांगून घ्यावा लागतो. ‘शाप’ अशी पाटी असलेल्या ठिकाणची मासळी झणझणीत म्हणून तुम्हाला कुणीही सुचवेल, पण ती माडीची दुकानं आहेत. पुट्टू आणि काळ्या हरभऱ्यांची उसळ, पत्तिरी, केळीच्या पानात भाजलेला करीमीन, नारळाच्या दुधातली मोली हे सगळं त्याशिवायही मिळतं. तब्येत जपणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, सगळं खोबरेल तेलात असतं.

रात्री इशानंतर काय? काही नाही, अंगणात बसा. गाणं ऐकणाऱ्यांनी मट्टनचेरीतल्या गझलेची चौकशी करावी. मल्याळममध्ये गझल रुजवणारे उंबायी याच गावचे, तरुणपणी मुंबईत शिकलेले, २०१८ साली गेले. तिथल्या छोट्या बैठका अजून होतात. ऐकत नसाल तर गप्पा मारा. पण मोबाइल एका बॅगेत ठेवून द्या. वर्षभर तुम्ही एकमेकांना त्याच काचेत पाहिलंय.

रविवारी सकाळी सिनेगॉग. १५६८ सालचं आहे. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स, प्रत्येक हाताने रंगवलेली. चपला बाहेर काढाव्या लागतात. कधीकाळी भरलेल्या या वस्तीत ज्यू आता जवळजवळ उरलेले नाहीत, बहुतेक इस्राएलला गेले. त्या गल्लीत ज्यू कुटुंबांना आणि शेजारच्या मुसलमानांना शतकानुशतकं एकत्र राहता आलं. आजच्या बातम्या वाचणाऱ्या जोडप्याने हे तिथे जाऊन बघावं असं मला मनापासून वाटतं. बाहेरच्या दुकानांत ‘अँटिक’ म्हणून सांगितलेल्या वस्तू जपून घ्या. मसाला घ्यायचा तर आदल्या दिवशीच्या बाजारातून.

काय सोडायचं तेही ऐका. अलेप्पीची हाउसबोट, मुन्नारचे चहामळे, अथिरप्पिळ्ळीचा धबधबा: एजंट हे सगळं दोन दिवसांत कोंबून देतो. तुम्ही गाडीत बसून राहाल आणि बायको उलटी करत राहील. कोडुंगल्लूरची मशीदही तिसरा दिवस असेल तरच. फोर्ट कोचीच्या समुद्रात पोहायचा विचार करू नका, पाणी स्वच्छ नाही. पाण्यावर जायची हौस वॉटर मेट्रोने भागवा. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या या विजेवरच्या बोटी आहेत, वातानुकूलित, मोठ्या काचांच्या, तिकीट साध्या बससारखं. रविवारी जेवण आणि जोहर झाल्यावर सामान घेऊन फोर्ट कोचीहून हायकोर्टला बोटीने जा, तिथून रिक्षाने मेट्रो स्टेशन, मेट्रोने आलुवा, पुढे विमानतळाची फीडर बस. टॅक्सीचे पैसे वाचतात आणि खाडी, बेटं, जहाजं बघत निघता येतं.

शेवटी घरातल्या मोठ्यांशी बोलायचंय. सासूबाई, अम्मी, फुफी, तुम्ही हे वाचत असाल किंवा कुणी वाचून दाखवत असेल. मुलगा-सून दोघंच निघाली म्हणून घर तुटत नाही. मोहल्ल्यात कुणी काही बोललं तर तुम्हीच उत्तर द्या, सुनेवर सोडू नका. निघायच्या दिवशी तिच्याकडून सगळ्यांचा दोन दिवसांचा स्वयंपाक करवून घेऊ नका. नातवंडं तुमच्यापाशी ठेवा. पोर रडलं, पडलं, जेवलं नाही म्हणून तिला तिथे फोन करू नका; तुम्ही चार-चार वाढवलीत, दोन दिवस सहज निभावाल. रोज इशानंतर एक फोन, तोही त्यांनीच करायचा, आणि पाच मिनिटांत ठेवायचा.